हिरडाटोल्याची खबर

११ मार्च
आज दुपारचा डबा तसाच राहिला. प्रवीण सरांनी ग्रंथालयातल्या कोपऱ्यातल्या जुन्या संगणकावर एक सॉफ्टवेअर टाकून दिलं आणि मी तिथून उठलेच नाही. प्रवीण सर आमच्या कॉलेजच्या संगणक लॅबमध्ये आहेत, मी ग्रंथालयात. मी रोज बारा वेबसाइट उघडून वाघांच्या बातम्या शोधते, प्राणिशास्त्राच्या मॅडमसाठी त्यांची कात्रणं ठेवते, हे ते वर्षभर पाहत होते. म्हणाले, "हर्षा, तू बातम्यांच्या दारी काऊन जाते? बातम्यांनाच तुझ्या दारी बोलाव ना."

प्रत्येक वेबसाइटला एक फीड असते म्हणे. ती एकदा जोडली की नवीन बातमी आपोआप आपल्याकडे येते. डावीकडे फोल्डर, मधे मथळे, उजवीकडे पूर्ण बातमी. न वाचलेली ठळक अक्षरात. जाहिरात नाही, लॉगिन नाही, पैसे नाहीत. कोण्या कंपनीचं नाही, ठिकठिकाणच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, आणि आतला कोडसुद्धा उघडा ठेवलेला. मला विश्वासच बसेना. कोणी फुकट का करेल एवढं? प्रवीण सर हसले. "करतेत काही लोक."

चंद्रपूर, गडचिरोली असे दोन फोल्डर केले. संध्याकाळपर्यंत बावीस फीड जोडल्या.

१४ मार्च
यात फिल्टर आहेत! एखादा शब्द देऊन ठेवायचा. तो शब्द बातमीत आला की ओळ लाल होते, पडद्याच्या कोपऱ्यात चौकट उगवते आणि टिंग वाजते. मी 'वाघ', 'वाघीण', 'बिबट' दिले. मग थोडा वेळ थांबून 'हिरडाटोला' दिला.

आई तिथे एकटी राहते. गावाच्या मागच्या बाजूला नाला, आणि नाल्यापलीकडे जंगल. सध्या मोहाची फुलं पडतायत. आई आणि शेजारची शकुमावशी उजाडायच्या आत टोपली घेऊन निघतात. दोघींत मिळून एकच मोबाईल, आईचा. अंधारात उजेडाला बॅटरीही त्याचीच. "आमी दोघी असलो तं वाघ बी दोनदा इचार करते," मावशी म्हणते. आई बौद्ध, मावशी कुणब्याची. लग्न होऊन दोघी एकाच वर्षी त्या गावात आल्या आणि तेव्हापासून एकमेकींशिवाय जंगलात गेल्या नाहीत.

आता मी इथे ब्रह्मपुरीत बसून त्यांच्यावर लक्ष ठेवू शकते. आज फार बरं वाटतंय.

१९ मार्च
टिंग वाजलं. "हिरडाटोला शिवारात वाघाचा वावर, नागरिकांत भीती."
 लगेच श्रावणला फोन केला. श्रावण म्हणजे शकुमावशीचा मुलगा. ट्रॅक्टर चालवतो. मला ताई म्हणतो, मी शेण-मातीत खेळवलेला पोरगा आहे तो. म्हणाला, "ताई, मी आत्ताच सांगतो सगळ्याइले." घरोघर पळाला. उद्या कोणीच मोहाला जाणार नाही.

२१ मार्च
शरमेने मान वर होत नाही. ती बातमी आमच्या हिरडाटोल्याची नव्हतीच. वैनगंगेपलीकडे, गडचिरोलीत, याच नावाचं दुसरं गाव आहे. वर बातमीही जुनी, त्या वेबसाइटने नवी तारीख लावून पुन्हा टाकलेली. काल कोणीच मोहाला गेलं नाही, रात्रभर पडलेली फुलं ढोरांनी आणि रानडुकरांनी खाल्ली. सरपंचांचा फोन आला. "बाई, तुमी शिकल्यासवरल्या, तुमीच असं करसान तं कसं होईन? लोकं मले शिव्या देऊन राह्यले." गावातल्या कोणी तरी माझं नाव 'वाघवाली मॅडम' ठेवलंय. आईने हसत सांगितलं, पण तिलाही लागलं असणार.

श्रावण तेवढा म्हणाला, "जाऊ दे ना ताई. आला असता तं?"

मी ठरवलंय. दोन वेगवेगळ्या वेबसाइटवर आल्याशिवाय गावात शब्द काढायचा नाही. पत्रकारही हेच करत असतील. प्रवीण सरांनाही पटलं. त्यांनी मला आणखी एक गोष्ट दाखवली. वेबसाइटवाल्यांनी बातमी बदलली किंवा काढली तरी आपल्याकडे आलेली प्रत आपल्याच संगणकात राहते. जुनी आणि नवी शेजारी ठेवून बघता येते.

४ एप्रिल
ग्रंथालय बंद करता करता टिंग. ब्रह्मपुरीच्याच एका लहान वेबसाइटची बातमी आहे. हिरडाटोला आणि जामटोला यांच्यामधल्या नाल्यात बछड्यांसह वाघीण दिसली, असं एका गुराख्याने सांगितलं. गाव आपलंच, कारण जामटोला पलीकडच्या हिरडाटोल्याजवळ नाही. पण एकच वेबसाइट. बाकीच्या फीड पुन्हा पुन्हा ताज्या करून पाहिल्या. कुठेच नाही. वनविभागाचंही काही नाही.

नियम म्हणजे नियम. गावात सांगितलं नाही.

आईला मात्र फोन केला. म्हटलं, "उद्या जाऊ नको." ती म्हणे, "काऊन वो?" मी बातमी सांगितली. मग म्हणाली, "शकुले सांगू का?" मी म्हटलं, "कोणालाच सांगू नको. पक्की नाही खबर. पुन्हा माझ्यावर येते सगळं." तिच्याकडून शब्द घेतला. आई शब्दाची पक्की आहे.

आता निवांत झोप लागेल.

५ एप्रिल
आई गेली.
नाही. आई आहे.
लिहिता येत नाही.

६ एप्रिल
काल जे झालं ते क्रमाने लिहून काढते. नाही तर डोकं फुटेल.

परीक्षा असल्यामुळे ग्रंथालय सकाळी लवकर उघडलं. वाचनकक्षात मुलं होती. मी संगणक सुरू केला. फीड ताज्या व्हायला लागल्या आणि टिंग वाजलं. एका मुलीने मान वर करून पाहिलं. चौकटीत होतं: "वाघाच्या हल्ल्यात हिरडाटोल्याच्या गुणाबाई मेश्राम ठार."

माझ्या आईचं नाव. मी ते वाचलं आणि मला वाटलं, पुन्हा पलीकडचं गाव असेल. पण गुणाबाई मेश्राम दोन कशा असतील? मी आईला फोन लावला. रिंग गेली, फोन उचलला गेला, आणि मी "आई" म्हणाले. तिकडून एका पुरुषाचा आवाज आला.

"कोण बोलता?"

"आईला द्या फोन."

"तुमी यांची मुलगी का?"  मागे गाड्यांचा, माणसांचा आवाज. "बाई, कोणाले तरी संगं घेऊन या."

मी संगणक बंद केला नाही. पर्स घेतली नाही. प्रवीण सरांनी मला काळीपिवळी जीपमध्ये बसवलं आणि स्वतः दवाखान्याकडे गेले, कारण प्रेत तिकडेच आणणार असं कोणी तरी सांगितलं. मला आधी घरी जायचं होतं. का, ते माहीत नाही. आईचं घर बघायचं होतं.

फाट्यावर उतरून धावत गेले. गावात शांतता. कोणी रडत नव्हतं. श्रावण अंगणात ट्रॅक्टरचं चाक खोलून बसला होता. मला पाहून उभा राहिला. मी त्याच्या अंगावर कोसळले आणि ओरडले, "श्रावण, आई गेली रे!"

तो दचकला. मग हसायला लागला. "ताई, अवं कोणं सांगतलं तुले? काकू तं इथीच हाय. आत्ताच पाणी भरून राह्यली होती."

आणि खरंच, घराच्या मागून आई आली. हातात बादली, पदर खोचलेला. माझी आई. मी तिला धरलं, तिचा चेहरा चाचपला, तिच्या हाताचा वास घेतला. श्रावण अजून हसत होता. "तुह्या मशीननं पुन्हा फसवलं का तुले?"

मी म्हटलं, "मग तुझा फोन कोणी उचलला? कोणीतरी माणूस बोलला माझ्याशी."

आईने बादली खाली ठेवली. तिला ती नीट ठेवता आली नाही, पाणी सगळं सांडलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती, श्रावणकडे पाहत होती.

"मोबाईल शकुजवळ हाय," ती म्हणाली.

श्रावणच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते मला कधी विसरता येणार नाही. शब्द कानात गेले होते, पण चेहऱ्याला अजून कळलं नव्हतं.

मग तो पळाला. नाल्याकडे, अनवाणी.

७ एप्रिल
मावशी नाल्याजवळ नाही, पलीकडे जामटोल्याच्या हद्दीत सापडली. तिथल्या लोकांनी पाहिलं. चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता. कमरेला मोबाईल होता. जामटोल्याच्या एका माणसाकडे आईचा नंबर होता, त्याने नंबर लावून तो मोबाईल ओळखला आणि आईचं नाव सांगून टाकलं. तिथे एक बातमीदार आधीच पोचलेला. म्हणजे आमच्या गावाला कळायच्या आत माझ्या फीडला कळलं. आणि तेही खोटं.

काल मावशीला स्मशानात नेलं. श्रावणने अग्नी दिला. आई स्मशानाच्या वाटेपर्यंत आली आणि तिथेच बसून राहिली.

९ एप्रिल
कामावर आले. संगणक उघडला तर सगळं लाल. 'गुणाबाई मेश्राम ठार', 'गुणाबाईंचा बळी', 'वाघाने घेतला गुणाबाईंचा घास'. एकाने लिहिलं, दुसऱ्याने उचललं, तिसऱ्याने त्याला नवा मथळा दिला. एकाही ठिकाणी शकुबाईचं नाव नाही. एका ठिकाणी तर आईचा फोटो. तो माझ्याच जुन्या पोस्टमधून उचललेला आहे.

संताप संताप झाला. मी सगळ्यांना फोन लावायला बसले. एक जण म्हणाला, "मॅडम, आता बातमी जुनी झाली." मी म्हटलं, "ज्या बाईचा जीव गेला तिला निदान तिचं नाव तरी द्या." त्याने फोन ठेवला.

आता हे काम माझं. मावशीसाठी एवढं तरी करीन.

११ एप्रिल
तिघांनी नाव बदललं. बदललेली बातमी फीडमध्ये पुन्हा न वाचलेली होऊन येते. ठळक अक्षरांतलं 'शकुबाई' पाहून रडू आलं. प्रवीण सर म्हणाले, "तू खूप केलंस."

संध्याकाळी गावी गेले. श्रावणला मोबाईलवर दाखवलं. त्याने बघितलं आणि म्हणाला, "बरं केलं तुमी."

तुम्ही म्हणाला मला. आजपर्यंत कधी म्हणाला नव्हता. दुःखात माणूस परका होतो.

१२ एप्रिल
आई जेवत नाही. पेज करून दिली तर दोन घास घेते आणि भांडं सरकवते. मी म्हटलं, "चल ब्रह्मपुरीला माझ्याकडे." नाही म्हणते. "इथे काय आहे आता तुझं?" विचारलं तर म्हणे, "इथीच तं हाय सगळं."

मी तिला विचारलं, मावशी एकटी का गेली? आई म्हणाली, "मी म्हटलं माझं डोकं दुखते. तं म्हणे, तू झोप, मी आणतो दोघीइचं. मोबाईल दे म्हणे, अंधार हाय."

दोघींचं. मावशी आईच्याही वाट्याचा मोह वेचायला गेली होती.

कोणी आईला विचारलेलं नाही, त्या दिवशी तू घरी कशी राहिलीस. बरंच आहे. विचारून तरी काय होणार? ती बातमी पक्की नव्हतीच. एकाच वेबसाइटवर होती. मी नियमाने वागले. श्रावणला सांगितलं असतं आणि पुन्हा खोटी निघाली असती तर गावाने पुढे माझं कधीच ऐकलं नसतं. हे मी प्रवीण सरांनाही सांगितलं. ते चष्मा पुसत राहिले.

१४ एप्रिल
जयंती. दरवर्षी आई पांढरं पातळ नेसून पहाटेच विहारात जाते, यंदा गेली नाही. बायका बोलवायला आल्या तर म्हणाली, "माझे पाय नाई चालत." पण दुपारी मी पाहिलं, ती उठून शकुमावशीच्या अंगणात गेली आणि तिच्या सुनेबरोबर गहू निवडत बसली. श्रावण समोर होता. 

१७ एप्रिल
आज मावशीची तेरवी होती.

मांडवात सगळं गाव. सरपंच आले, वनविभागाचे दोघं आले. जेवणाआधी सरपंच दोन शब्द बोलले. मग म्हणाले, "हर्षाबाईनं शकुबाईचं नाव पेपरात नीट करून देलं, तिचे आभार मानले पायजे." लोक माझ्याकडे वळून पाहायला लागले. मी खाली पाहिलं. खरं सांगते, मला बरं वाटलं.

तेवढ्यात आई उठली. बायकांच्या मधून, खांबाला धरून. आई चारचौघांत कधी बोलत नाही.

म्हणाली, "मले काही सांगाचं हाय. मी जित्ती हाय ते माह्या पोरीच्यानं. आदल्या दिवशी तिचा फोन आला. नाल्यात वाघीण हाय, तू जाऊ नको म्हणे. मी गेली नाई."

कोणी तरी म्हणालं, "चांगलंच झालं ना बाई."

"चांगलं कायचं? शकु सकाळी दारात आली. टोपलं घेऊन उभी होती. मले माहीत होतं. मी तिले म्हटलं, माझं डोकं दुखते. मोबाईल देला तिच्या हातात." आईचा आवाज फुटला नाही, तेच फार वाईट होतं. "पोरगी म्हणे, कोणाले सांगू नको. मी नाई सांगतलं."

 वाढायला उभी असलेली माणसं तशीच उभी. मला वाटलं, आता कोणी तरी ओरडेल, आईच्या अंगावर येईल, माझ्या अंगावर येईल. मी तयार होते. कोणीच हललं नाही. 

श्रावण माझ्यासमोर येऊन उभा राहिला. केस काढलेलं डोकं, त्याच्यामुळे तो फार लहान दिसत होता.

"काकूनं मले त्याच दिवशी सांगतलं होतं," तो म्हणाला. "नाल्यावर. मी मायले शोधून राह्यलो तवा मागं पळत आली आन् पायाशी बसली माह्या."

मी आईकडे पाहिलं.

"मी काकूले काई म्हटलं नाई. थे अडाणी बाई हाय, तुमी सांगतलं तसं केलं तिनं. पण ताई, मागच्या टायमाले तुमी मले फोन केला होता. नंबर होता ना तुमच्याजवळ?"

"होता."

"मंग?"

नियम होता, दोन वेबसाइट, पक्की खबर, वाघवाली मॅडम. सगळं तोंडापर्यंत आलं. मावशीच्या मांडवात ते बोलण्यासारखं एक अक्षरही नव्हतं.

"खोटी असती तं काय झालं असतं?" श्रावण म्हणाला. "एक दिवसाचा मोह गेला असता."

तो वळला आणि वाढायला लागला. पहिलं पान आईचं वाढलं त्याने. तिच्यासमोर बसून म्हणाला, "जेव काकू." आईने आज पोटभर खाल्लं, घासाघासाला रडत. मी मांडवाबाहेर उभी होते. मला जेव म्हणायला कोणी आलं नाही.

१८ एप्रिल
झोप नाही. मावशी दारात टोपलं घेऊन उभी आहे आणि आई तिच्या हातात मोबाईल ठेवते आहे, एवढंच दिसतं. माझा फोन त्याच मोबाईलवर आला होता.

२२ एप्रिल
प्रवीण सरांना म्हटलं, हे सॉफ्टवेअर काढून टाका. ते म्हणाले, "काढतो. पण त्यानं तर तुला वेळेवर सांगितलं होतं, हर्षा."

मी काढू दिलं नाही.

४ एप्रिलची ती बातमी उघडून बसले. त्या वेबसाइटने ती आता काढून टाकली आहे. माझ्याकडे आहे. चार ओळी. शेवटची ओळ मी त्या दिवशीही वाचली होती: 'नागरिकांनी पहाटे जंगलात जाणे टाळावे.' नागरिकांनी, असं लिहिलंय.

३ मे
तेंदूपत्त्याची तोडणी सुरू झाली. गाव पुन्हा जंगलात जायला लागलं आहे. जाणारच, घरी बसून कोणाचं भागतं? आईही जाते. श्रावणच्या बायकोबरोबर.

दुपारी टिंग वाजलं. जामटोल्याच्या रस्त्यावर एका दुचाकीवाल्याला वाघ आडवा गेला. एकच वेबसाइट. नाव नसलेला दुचाकीवाला. उद्या खोटं निघू शकतं.

तेरवीपासून मी श्रावणशी बोललेले नाही. नंबर काढला आणि बोट तिथेच राहिलं. मग लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, उचलला नाही. बातमी जशीच्या तशी मोबाईलवर पाठवून दिली. वाचनकक्षात उभी राहून वाट पाहिली. बाहेर ऊन इतकं होतं की रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

त्याचाच फोन आला. मागे ट्रॅक्टर चालू होता.

"पक्की हाय का?"

"माहीत नाही श्रावण. खोटीही असेल."

ट्रॅक्टर बंद केल्याचा आवाज आला. मग त्याने विचारलं, "काकूले सांगतलं का तुमी?"

"नाही. आधी तुलाच फोन केला."

  मग त्याने फोन न ठेवताच चालायला सुरुवात केली असावी, कारण त्याचा आवाज एकदम लांबून आला, दार वाजवल्याचा, आणि मोठ्याने, "ओ बाई, उद्या कोणी जंगलात जाऊ नका. सांगा समोरच्याले."

मग दुसरं दार. मग तिसरं. चौथं माझ्या आईचं होतं. तिचा आवाज मी ओळखला. ती म्हणाली, "कोणं सांगतलं?"

"हर्षाताईनं," श्रावण म्हणाला, आणि पुढच्या घराकडे गेला.